पाकट: वाहन की आसन?

"या विश्वात अढळ असे कोणतेही पद नाही! ध्रुवाचेही नाही, आणि उंदराचे तर नाहीच नाही!"

अशी घोषणा शिवदास मास्तरांनी आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत उभे राहून केली आणि ते खाली बसायला गेले, तर त्यांची खुर्ची कुणीतरी पंख्याखाली ओढून नेली होती. मास्तर अर्धे वाकले, मागे हात नेऊन चाचपडले, आणि मुद्दा अजून संपायचा होता असा चेहरा करून पुन्हा सरळ झाले. त्यामुळे भाषण लांबले. भाषण लांबले म्हणून ठराव झाला. पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ त्या खुर्चीत आहे, असे माझे मत आहे. पण मी मंडळाचा नुसता सल्लागार, म्हणजे चहा येईपर्यंत बसणारा माणूस.

मास्तर पेडण्याच्या हायस्कुलात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. शास्त्र शिल्लक आणि विद्यार्थी संपलेले, अशा अवस्थेत माणूस मंडळाचा अध्यक्ष होतो. त्या वर्षी देखाव्यांच्या स्पर्धेचा विषय होता ‘निसर्ग वाचवा’. आदल्या वर्षीही तोच होता आणि तेव्हा सगळ्या मंडळांनी थर्माकोलचे धबधबे केले होते. मास्तरांना काहीतरी मुळापासून वेगळे करायचे होते.

"उंदीर घ्या," मास्तर म्हणाले. "घरातला साधा उंदीर. जगातले शास्त्रज्ञ बसून कोणता प्राणी किती धोक्यात आहे ते ठरवतात. त्यांनी उंदरापुढे काय लिहिलंय? ‘किमान चिंता’! आणि आपला पाकट मासा घ्या. हरमलच्या किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यात पूर्वी ढिगाने यायचा. आज त्याच्या कितीतरी जाती धोक्यात, काही तर अगदी शेवटच्या पायरीवर. म्हणजे ज्याला कसलीच ददात नाही त्याला पिढ्यान्‌पिढ्या देवाची नोकरी, आणि ज्याला आधाराची गरज तो जाळ्यात. हा कुठला न्याय? यंदा आपला गणपती पाकटावर बसेल!"

"पण मास्तर," मागून कुणीतरी म्हणाले, "उंदराक काढलो तर देव रागावयत मां?"

"काढायचं नाही. सन्मानाने निवृत्त करायचं."

मी स्वतः निवृत्त असल्यामुळे ‘सन्मानाने’ म्हणजे काय ते मला ठाऊक होते. नारळ, शाल, आणि जागा संध्याकाळपर्यंत रिकामी. मी उंदराच्या बाजूने दोन शब्द बोलणार होतो, पण तेवढ्यात चहा आला आणि ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन भिकाजीच्या चित्रशाळेत गेले. चित्रशाळा म्हणजे आमच्याकडे गणपती घडवायची जागा. घरोघरचे लाकडी पाट चवथीच्या आधीच तिथे जाऊन पडतात आणि त्याच पाटावर बसून देव ज्याच्या त्याच्या घरी येतो. पावसाळ्यात तुम्ही भिकाजीच्या पडवीत गेलात तर सगळा गाव पाटांच्या रूपाने भिंतीला टेकून उभा असतो. कुणाचा पाट फणसाचा, कुणाचा सागाचा, आणि एका जुन्या घराण्याचा तर इतका वाळवीने खाल्लेला की त्यावर बसायला देवालाच धैर्य हवे.

भिकाजी सोंड करत होता. शेजारी त्याची बायको तारा उंदीर करत होती. दारात डिचोलीहून मातीचा टेंपो घेऊन आलेला गोकुळदास चहा पीत होता. ही माती त्याच्याच शेताकडची.

ताराच्या उंदराबद्दल आधी सांगितले पाहिजे. भिकाजीच्या बापाचा कडक नियम होता: बायकांनी माती मळावी, खडे काढावे, पण देवाच्या अंगाला हात लावू नये. तारा सावंतवाडीकडून लग्न होऊन आली. पहिल्याच पावसाळ्यात उरलेल्या मातीचा एक उंदीर करून तिने सासऱ्यांसमोर ठेवला. सासरे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. उंदीरही त्यांच्याकडे बघत होता, इतका तो जमला होता. शेवटी त्यांनी निवाडा दिला: उंदीर हा देव नव्हे, वाहन. वाहनाला बाईचा हात चालेल. तेव्हापासून त्या चित्रशाळेतला एकूण एक उंदीर ताराचा. सासरे गेले, नियम राहिला. सगळ्या चवथीत तिच्या बोटांना मिळणारे घडवण्याचे काम ते एवढेच.

हे मास्तरांना ठाऊक नव्हते. त्यांनी खिशातून खडू काढला, एक रिकामा पाट उलटा केला आणि वर्ग सुरू केला.

"हे बघा, पाकट आणि उंदीर. प्राण्यांचं वर्गीकरण म्हणजे पत्ता समजा. सृष्टी प्राण्यांची, दोघांची एकच. म्हणजे राज्य एक. दोघांनाही पाठीचा कणा. म्हणजे तालुकासुद्धा एक."

"पेडणा काय डिचोली?" गोकुळदासाने विचारले.

"पुढे वाडे वेगळे," मास्तर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "उंदीर सस्तन. अंगावर केस, पिलांना दूध. त्यातही कुरतडणाऱ्यांच्या गणातला. पुढचे दात मरेपर्यंत वाढतात, म्हणून तो कुरतडत राहतो. नाही कुरतडलं तर दात वाढून तोंड मिटायचं नाही."

"म्हणजे माझा भात खाता ता औषध म्हणान?"

"पाकट मत्स्य. पण साधा मत्स्य नव्हे. अंगात हाड नावाची गोष्टच नाही. आपल्या कानाच्या पाळीत असते ना, तसल्या कूर्चेचा सगळा सांगाडा. मोरी माशाचा, म्हणजे शार्कचा, चुलत भाऊ. मोरीला वरून दाबून पापड केलात की पाकट झाला."

ताराचे हात चालू होते, पण कान इकडे होते. "आणि ह्यो उंदीर ‘किमान चिंता’ म्हणजे काय मास्तर?"

"म्हणजे त्याची काळजी करायचं कारण नाही."

"कोण म्हणता?" गोकुळदासाने कप खाली ठेवला. "जेणा कोणी ता लिवला, तेका एक दीस माझ्या शेतात बसवा. कणसां भरली काय चिंता कोणाक आसा ती तेका कळतली. मास्तर, तुमी उंदराक काढलात ता बरा केलात. माझ्या घरच्या गणपतीचोय काढा!"

तेव्हा ताराने पहिल्यांदा मान वर केली. "कोणाक काढलात?"

मास्तरांनी ठराव सांगितला. भिकाजीने सोंडेवरचा हात काढला आणि खडूच्या चित्राकडे बघितले. मास्तरांनी पाकट म्हणून एक पतंग काढला होता, त्याला शेपटी.

"ह्यो चपटो?" भिकाजी म्हणाला.

"चपटा."

"जमनीबरोबर?"

"समुद्राच्या तळाशी वाळूत पडून असतो बराच वेळ."

"मगे ता वाहन नव्हे," भिकाजी शांतपणे म्हणाला. "ता आसन. लक्ष्मी कमळार बसता, कमळ वाहन काय? आसन. कमळ आमी करतंव. ह्यो पाकटय आमीच करूचो लागतलो." आणि त्याने सोंडेला पुन्हा हात घातला.

मास्तर खूश झाले. त्यांच्या मते विषय संपला होता. मला मात्र ताराच्या हातातला उंदीर दिसत होता. त्याला एकच कान झाला होता आणि दुसऱ्या कानाची मातीची गोळी तिच्या बोटात तशीच राहिली होती. पाकट वाहन ठरला तर तो तिचा. आसन ठरला तर भिकाजीचा, आणि गावातल्या सगळ्यांत मोठ्या मूर्तीत तिच्या बोटाचा ठसा उरणार नव्हता. शिवाय सार्वजनिक गणपतीचे बघून पुढच्या वर्षी घरोघरी तेच होते, हा आमच्या गावचा अनुभव. एका वर्षी सार्वजनिक गणपतीने फेटा बांधला, तर पुढच्या चवथीला अख्खा वाडा फेट्यात.

"मास्तर," तारा म्हणाली, "माका तो बघूचो आसा."

"अगो, बाजारात बघलंस मां?" भिकाजी म्हणाला.

"बाजारात कापलेलो बघलंय. तो बसता काय चलता, ता कापल्यार कसा कळतला?"

या प्रश्नाला प्राणिशास्त्रात उत्तर नव्हते असे नाही, पण मास्तरांच्या डोळ्यांत एकदम वर्गात पहिल्या बाकावरचे कुणी हात वर केल्यावर येते ती चमक आली. नोकरीत असताना कुणी त्यांना जिवंत पाकट दाखवा असे म्हटले नव्हते. मुलांना बरणीतला पुरत असे. गोकुळदासाचा टेंपो रिकामाच होता. पुढे बसायला गोकुळदास आणि मास्तर, मागे मातीच्या डागांवर बारदान टाकून तारा, मी, आणि "माझा काय काम थंय?" असे म्हणत म्हणत सगळ्यांत आधी चढून बसलेला भिकाजी.

केरीला तेरेखोलच्या खाडीच्या तोंडाशी सगुण जाळे लावतो. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी, आणि प्राणिशास्त्रात नापास झाल्यामुळेच आज प्राण्यांमध्ये सुखाने राहणारा. पाऊस थांबला होता. ओहोटीने वाळूत मागे ठेवलेले गुडघाभर पाणी होते आणि त्याच्या कडेला सगुण जाळे झाडत होता.

"पाकट आसा रे?" मास्तरांनी लांबूनच विचारले.

"केवढो व्हयो? कालवणाक?"

"अभ्यासाला."

सगुण एकदम ताठ उभा राहिला. परीक्षेच्या आठवणीने असावा. मग त्याने जाळ्यात अडकलेला एक लहान पाकट दाखवला. जेवणाच्या ताटाएवढा. एवढे लहान आपण सोडूनच देतो, म्हणाला. शेपटीच्या काट्याला जपून, फडक्यात धरून त्याने तो उलटा केला, आणि आम्ही सगळे एकदम वाकलो.

खाली एक चेहरा होता. पांढरा, गोल, किंचित हसणारा. दोन नाकपुड्या डोळ्यांसारख्या दिसत होत्या आणि खाली तोंड, जणू कुणी मजेशीर बातमी ऐकून न सांगण्याचे ठरवले आहे. त्याच्याखाली दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या चिरा.

"आणि डोळे?" ताराने विचारले.

सगुणने सुलटा केला. डोळे वर, पाठीवर.

"म्हणजे तोंड खाली आणि डोळे वयर! मगे जेवता ता ह्येका दिसताच नाय?"

"बरोबर!" मास्तर ओरडलेच. "जन्मभर न बघता जेवतो. वासावर. डोळ्यांमागे ही भोकं बघा, वाळूत पडला की यांतून पाणी ओढतो, म्हणजे श्वासात वाळू जात नाही."

"न बघता आमचो मेवणोय जेवता," गोकुळदास म्हणाला. "पण तेचे डोळे पुढल्या पंगतीर आसतत."

"अंडी घालता?" तारा.

"नाही. पोटातच वाढवून जिवंत पिल्लं देतो. इथे मात्र तो उंदराच्या जवळ आला बघा. पण दूध नाही, आणि पिल्लं अगदी मोजकी. मोठा व्हायलाही वर्षं घेतो. म्हणून तर! एकदा कमी झाला की भरून यायला फार वेळ लागतो."

"आणि उंदराक किती पिल्लां?"

मास्तरांनी गोकुळदासाकडे बघितले.

"सांगूक येणा नाय," गोकुळदास म्हणाला. "मोजून होईसर दुसरी जाल्ली आसतत."

सगुणने पाकट पाण्यात सोडला. तो हातभर पुढे गेला, थांबला, कडा दोनदा फडफडवल्या, अंगावर वाळू ओढून घेतली, आणि संपला. त्या जागी पाकट होता हे सांगूनही खरे वाटले नसते. वाळूत दोन बारीक डोळे, बस्स.

भिकाजीने छाती भरून श्वास घेतला. "बघलंस? बसलो. आसन!"

मास्तरांना शास्त्राच्या बाजूने हे मान्य करावे लागत होते. आम्ही थांबलो. पाकट बसला होता तो बसलाच. एखाद्या कचेरीत अर्ज घेऊन उभे राहावे तसे आम्ही पाण्याच्या कडेला उभे, आणि आतला अधिकारी जागचा हलत नव्हता. भिकाजी तर टेंपोकडे निघालाही.

ताराने वहाणा काढल्या, लुगडे वर खोचले आणि ती पाण्यात उतरली.

"ताराबाई, काटा!" मास्तर.

"पाय उचलू नको गो!" सगुण म्हणाला. "वाळवेतसून पाय घासत घासत जा. मगे तेका अगोदर कळता, तो मारणा नाय."

ती पाय घासत गेली. एवढ्या हळू की पाण्यावर सुरकुतीही उठेना. दोन डोळ्यांपासून थोड्या अंतरावर ती उकिडवी बसली. लुगडे भिजले. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो बहुधा तिच्याकडे, कारण त्याला दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. मास्तर श्वास रोखून होते. मला वाटते, आयुष्यातला सगळ्यांत चांगला तास त्यांना निवृत्तीनंतर मिळाला.

मग वाळू हलली. पाकट उठला. पोहला म्हणणे बरोबर नाही. त्याच्या अंगाची एक कड उचलली, तिची लाट मागेपर्यंत गेली, दुसरी कड उचलली, आणि पाण्याच्या आत पाण्याचीच एक घडी उलगडावी तसा तो ताराच्या अंगाभोवती एक वळसा घेऊन, मागे लांब शेपूट सोडून, खाडीच्या वाटेने निघून गेला. वाळूत त्याचा ठसा राहिला होता, तोही बघता बघता बुजला.

"चल्लो!" तारा उभी राहिली. "बघलास मां? चल्लो! चलता ता वाहन!"

भिकाजी टेंपोजवळून परत आला होता. पाण्याकडे बघून त्याने मान हलवली. "तसो माणूसय बसता आणि चलता."

"मगे तुमका आसन म्हणू?"

गोकुळदास इतका हसला की त्याला वाळूत बसावे लागले. मास्तर हसले, सगुण हसला. मी सल्लागार असल्यामुळे तोंड फिरवून हसलो. भिकाजी एकटा हसला नाही. टेंपोत मागे तो तिच्याकडे पाठ करून बसला. तारा पाण्याने निथळत होती आणि हवेत हाताचा तळवा आडवा धरून त्याच्या कडा हलवून बघत होती, परत परत. पालये गेले, हरमल आले. हरमलच्या वळणावर टेंपो हळू झाला तेव्हा भिकाजी रस्त्याकडे बघत म्हणाला,

"शेपटेत तार घालूची पडतली. नाय तर वाळल्यार मोडतली."

"जाड काय बारीक?" ताराने विचारले.

"बारीक. दोन पेडांची."

असा तो निवाडा झाला. पाकट वाहन ठरला.

पुढे महिनाभर मी कामाशिवाय चित्रशाळेत जात होतो, तसा मी सगळीकडेच कामाशिवाय जातो. मंडळाच्या पाटावर पाकट मावेना. त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी लोंबायच्या आणि ओल्या मातीत खाली वाकायच्या. सुताराने पाटाला दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकून दिल्या आणि ‘देवाचो पाट काय खाटलो?’ असे विचारून गेला. ताराने कडा तीनदा मोडून पुन्हा केल्या, कारण लाट पुढून मागे जायला हवी होती, मागून पुढे नव्हे. पाठ होण्याआधी तिने पोट केले. नाकपुड्या, हसरे तोंड, कल्ल्यांच्या चिरा, सगळे. मग ते नीट वाळवून चार माणसांकडून सुलटे करून घेतले आणि पाटावर ठेवले. झाले. तो चेहरा आता कुणालाच दिसणार नव्हता.

"अगो, खालचा कोण बघतलो?" भिकाजीने विचारले.

"विसर्जनाक पाण्यात खालसून जो बघतलो तो."

यावर भिकाजीने कपाळाला हात लावला. कपाळाला माती लागली.

चवथ तोंडावर आली. मंडळाची मूर्ती न्यायला आम्ही सगळे गेलो. ट्रक दारात उभा होता. पाकटावर स्वस्थ बसलेला गणपती बघायला माणसे पुढे सरसावली. देव पाण्यावरून चालला आहे असे खरोखरच वाटत होते. मास्तरांना राहवेना. ते एका मातीच्या पिंपावर चढले.

"मित्रहो! आज या गावात नवे युग सुरू होत आहे! ज्याची जगाला किमान चिंता, त्याने मोठ्या मनाने जागा सोडली. जो समुद्रातून नाहीसा होत चालला, त्याला आज देवाने जवळ केले. आता कोणत्याही घरात पाकट कापताना विळीवरचा हात क्षणभर थांबेल! आणि हे ज्यांच्या हातांनी घडले त्या ताराबाई..."

टाळ्या पडल्या. ताराने पदराने हात पुसले. हात कोरडे होते तरी पुसले. भिकाजी खांबाला टेकून उभा होता. कुणीतरी त्याचे अभिनंदन करायला लागले तर त्याने अंगठ्याने बायकोकडे दाखवले. ट्रक भरला, गजर झाला, मंडळी निघाली.

मास्तर पिंपावरून उतरले, पण निघेनात. भिंतीशी रांगेत ठेवलेल्या घरगुती गणपतींकडे बघत राहिले. तारा मागे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उजळलेला होता.

"मास्तर, तुमच्या घरच्या देवाक अजून वाहन लावूक नाय मिया. म्हटला, मास्तरांच्या घराक बारीकसो पाकट करूया. माती भिजवन ठेवलंय. सांजेपर्यंत होतलो."

मास्तरांनी दाराबाहेर बघितले. ट्रक वळणापलीकडे गेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितले. मी छपराकडे बघितले.

"त्याचं काय आहे, ताराबाई," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडे आपला उंदीरच असू दे. फक्त त्याची शेपटी तेवढी जरा आखूड करा. दरवर्षी आरतीच्या वेळी आमच्या हिच्या पदरात अडकते."